बुरशींतील एक अजब खूण

पावसाळ्यांत गिरगांवांतील वा लालबागेंतील बेकरींतून आणलेला पाव चार दिवस डब्यांत राहिला, कीं त्यावर बुरशी धरते. परंतु बुरशी ही केवळ किळस करण्याची वस्तु नव्हे. न्यूरोस्पोरा नांवाची नारिंगी बुरशी घ्या. १८४२ सालीं पॅरिस येथें लष्कराच्या पावांवर तिनें उच्छाद मांडला. पुढें १९४१ सालीं बीडल व टेटम यांनीं तिच्याच साह्यानें आनुवंशिकतेचे प्रसिद्ध प्रयोग केले. तिच्याच पोटांत सांपडलेल्या एका खुणेची ही हकीकत आहे.

बुरशीच्या व आपल्याही पेशींत शक्ति उत्पन्न करणाऱ्या जणूं लहान भट्ट्या असतात. त्यांस तंतुकणिका म्हणतात. त्यांजपाशीं स्वतःचा निराळा डी.एन.ए. असतो. त्यांतील मजकुराबरहुकूम प्रथिन घडवावयाचें, तर प्रत्येक अमिनो आम्ल नेमक्या जागीं पोंचविणारा कोणी तरी हवा. तें काम वाहक आर.एन.ए. करतो. मुंबईचा डबेवाला झांकणावरील खूण वाचून ज्याचा डबा त्यासच देतो, तद्वत् हा वाहक आपल्या एका भागानें संकेत वाचतो व शेपटास अमिनो आम्ल बांधून आणतो. त्या शेपटाच्या अखेरीस सी, सी, ए हीं तीन रासायनिक अक्षरें असतात.

आतां नवल पाहा. कांहीं न्यूरोस्पोरांच्या तंतुकणिकांत मुख्य डी.एन.ए.खेरीज सुमारें साडेतीन हजार अक्षरांचें एक लहानसें वर्तुळ आढळतें. अमेरिकेंतील मॉरिसव्हिल व आपल्या भारतांतील वर्कुड या ठिकाणांच्या बुरशींवरून अशा दोन वर्तुळांस तींच नांवें पडलीं. या वर्तुळाची नक्कल आधीं आर.एन.ए.मध्यें उतरते, व एक विकर तिजवरून पुन्हां डी.एन.ए. लिहितें. त्या आर.एन.ए.चें शेपूट हुबेहूब वाहकासारखें दुमडलेलें असून अखेरीस तींच सी, सी, ए अक्षरें असतात! येथें मात्र तें कांहीं वाहून नेत नाहीं. ‘नक्कल येथून आरंभावी’ एवढेंच तें विकरास सांगतें.

या साम्यानें कधीं कधीं अनर्थही होतो. विकर खऱ्या वाहकासच चुकून धरतें आणि त्याचा मजकूर वर्तुळांत जोडला जातो. असलीं बिघडलेलीं वर्तुळें बेसुमार वाढतात. भट्ट्या मंदावतात, आणि बुरशीची वाढ खुंटते. १९८६ सालापासून लॅम्बोविट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हा प्रकार उलगडून दाखविला.

मग मूळची खूण कोणाची? १९८७ सालीं वायनर व मेझल्स यांनीं असा तर्क मांडला, कीं जीवसृष्टीच्या आरंभीं हें शेपूट नक्कल कोठून सुरू करावी हें दाखविण्यासाठींच होतें, आणि ओझें वाहण्याचें काम त्याजकडे मागाहून आलें. हा तर्क खरा असेल, तर आपल्या प्रत्येक पेशींतील वाहक एका अतिप्राचीन चाकरीची निशाणी अद्यापि अंगावर बाळगून आहेत. पुराणवस्तु केवळ जमिनींत पुरलेल्याच असतात असें नाहीं. सूक्ष्म दृष्टि असेल, तर त्या बुरशींतही सांपडतात.