वाढदिव्यांचा उजेड कसा मोजावा ?

विरारच्या पूर्वेस चंदनसारच्या बाजूला भातखाचरे व इमारती आता एकमेकांस लागून उभी आहेत. वसई तालुक्यातील वाड्यांतून भाजी, केळी, फुले व विड्याची पाने मुंबईच्या बाजारी जाण्याचा परिपाठ जुना आहे. परंतु जमीन कमी होत चालल्यामुळे, बंद खोलीत फळ्यांची मांडणी करून एलईडी दिव्यांखाली पालेभाजी, मायक्रोग्रीन किंवा पावसाळ्यात मिरची-वांग्याची रोपे वाढवावीत, असा विचार काही शेतकरी बंधूंच्या मनात येऊ लागला आहे. ही कल्पना अगदीच नवी नव्हे. उतिसंवर्धित केळीचे रोप आपल्या वाडीत येण्यापूर्वी प्रयोगशाळेत दिव्याखालीच वाढलेले असते.

मात्र सूर्याचा उजेड फुकट मिळतो. दिव्याचा उजेड विजेचे पैसे देऊन विकत घ्यावा लागतो. सबब, बी पेरण्यापूर्वी तो किती पडतो व सर्व फळीवर सारखा पडतो काय, हे मोजून घेणे अगत्याचे आहे.

वॅट म्हणजे उजेड नव्हे

दिव्यावर लिहिलेला वॅटचा आकडा हा दिवा किती वीज खातो ते सांगतो. पिकास किती उजेड देतो ते सांगत नाही. सारख्याच वॅटच्या दोन दिव्यांपैकी एक दुसऱ्याच्या दुपटीइतका उजेड देऊ शकतो. बाकीची वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. डोळ्यांवरही विसंबू नये. आपला डोळा कमीअधिक उजेडाशी चटकन जुळवून घेतो, त्यामुळे निम्म्या उजेडाचा कोपराही त्यास लख्ख भासतो. रोपाची मात्र अशी फसगत होत नाही. झाडाच्या सावलीत पडलेल्या राबातील रोपे जशी उंचाडी व लेचीपेची होतात, तशीच ती ह्या कोपऱ्यातही होतात.

डोळ्याचे माप व पानाचे माप

बाजारात सहज मिळणारे लक्स-मापक माणसाच्या डोळ्यास जाणवणारा उजेड मोजते. डोळ्यास हिरवा-पिवळा उजेड अधिक जाणवतो, तांबडा व निळा कमी. पानाची गोष्ट वेगळी आहे. ४०० ते ७०० नॅनोमीटर ह्या पट्ट्यातील सर्व रंगांचे प्रकाशकण पान वापरू शकते. १९७२ साली मक्री ह्या शास्त्रज्ञाने २२ पिकांच्या पानांवर केलेल्या मोजणीत तांबडा उजेड सर्वांत उपयुक्त आढळला, तथापि हिरवा उजेडही वाया जात नाही असे दिसून आले. म्हणून पिकासाठी दर चौरस मीटरवर दर सेकंदास किती प्रकाशकण पडतात ते मोजतात. ह्या मापास मायक्रोमोल म्हणतात.

हे माप देणारे यंत्र महाग असते. तथापि दिवा पांढरा असल्यास लक्सच्या आकड्यास सुमारे ७० ने भागावे, म्हणजे मायक्रोमोलचा अंदाज मिळतो. जांभळ्या-गुलाबी दिव्यांस मात्र हा हिशेब लागू पडत नाही, कारण त्यांचा बराचसा उजेड लक्स-मापकास दिसतच नाही.

मोजणीची रीत

मोजणी रात्री करावी, म्हणजे खिडकीतील उजेड मिसळणार नाही. दिवा लावून अर्धा तास थांबावे. एलईडी तापल्यावर त्याचा उजेड किंचित उतरतो. फळीचे सारख्या आकाराचे १५ चौकोन आखावेत : लांबीत ५ व रुंदीत ३. प्रत्येक चौकोनाच्या मध्यभागी, पानांच्या उंचीवर, मापक आडवे व सपाट ठेवून आकडा लिहून घ्यावा. आपली सावली मापकावर पडू देऊ नये.

उदाहरणादाखल, ४ फूट लांब व २ फूट रुंद फळीवर लक्सचे आकडे असे आले असे समजू :

भिंतीकडील ओळ : ७,०००, १०,०००, ११,०००, १०,०००, ७,०००
मधली ओळ : १०,०००, १४,०००, १६,०००, १४,०००, १०,०००
पुढील ओळ : ६,०००, ९,५००, १०,०००, ९,५००, ६,०००

बेरीज १,५०,००० व सरासरी १०,००० लक्स. सर्वांत कमी आकडा ६,०००. कमीत कमी आकड्यास सरासरीने भागले असता ०.६ येतात. हा भागाकार १ च्या जितका जवळ, तितका उजेड सारखा. तो निदान ०.८ असावा असा प्रयत्न ठेवावा.

येथे एक सोयीची गोष्ट ध्यानात घ्यावी. वजनकाटा थोडा चुकीचा असला, तरी दोन गोण्यांत जड कोणती हे तो सांगतोच. त्याचप्रमाणे उजेड सारखा आहे की नाही हे पाहण्यास साधे मापक, किंवा मोबाइलवरील लक्स दाखविणारी सोयदेखील, बऱ्याच अंशी चालते. अट एवढीच की, सर्व आकडे एकाच साधनाने घेतलेले असावेत. मात्र मोबाइलच्या आकड्यावरून एकूण उजेडाचा हिशेब करू नये.

दिवसाची बेरीज

पिकास दिवसभरात मिळणारा एकूण उजेड महत्त्वाचा असतो. मायक्रोमोलच्या आकड्यास दिवा चालण्याच्या तासांनी व पुन्हा ०.००३६ ने गुणले असता दिवसाचे मोल मिळतात. वरील फळीवर दिवा १६ तास चालविल्यास सरासरी सुमारे ८, मध्यभागी सुमारे १३, तर कोपऱ्यात जेमतेम ५ मोल मिळतात. लेट्यूससारख्या पालेभाजीस १२ ते १७ मोल हवेत. म्हणजे ह्या फळीवर केवळ मधला पट्टा काढणीस येईल व कडेची रोपे मागे राहतील. पाटाच्या तोंडाशी पाणी तुंबावे व शेवटचा वाफा कोरडा राहावा, तसाच हा प्रकार होय. माल एकसारखा नसला की त्यास भावही मिळत नाही.

विजेच्या मोबदल्यात किती उजेड ?

८ चौरस फूट म्हणजे सुमारे ०.७४ चौरस मीटर. सरासरी १४३ मायक्रोमोलास ह्या क्षेत्रफळाने गुणल्यास फळीवर पडणारा एकूण उजेड सुमारे १०६ येतो. दिवे १०० वॅट वीज घेत असल्यास दर वॅटमागे १.०६ उजेड पदरात पडला. दुसरे दिवे तेवढाच उजेड ६० वॅटमध्ये देत असतील, तर रोज १६ तासांप्रमाणे ३० दिवसांत एका फळीमागे १९.२ युनिट वीज वाचेल. दिवा विकत घेताना किमतीबरोबर हाही हिशेब मांडावा. दिवा खरोखर किती वीज घेतो, हे इतर सर्व उपकरणे बंद ठेवून तासाभरात मीटर किती पुढे गेला त्यावरून ताडून पाहता येते.

दोष कसे दूर करावेत

१. एकच मोठा दिवा मध्यभागी टांगण्याऐवजी लहान पट्ट्या फळीच्या पूर्ण लांबीभर पसराव्यात. कडेकडील पट्ट्या अधिक जवळ घ्याव्यात.
२. दिवा थोडा उंच केल्यास उजेड अधिक सारखा पडतो, परंतु सरासरी उतरते. लहान दिव्यापासूनचे अंतर दुप्पट केल्यास खालील उजेड सुमारे चौथाई उरतो. लांब पट्ट्यांखाली ही घट कमी असते.
३. मांडणीच्या बाजूंस पांढरा रंग किंवा पांढरे पत्रे लावावेत. बाहेर जाणारा उजेड त्यायोगे कडेच्या रोपांवर परततो.
४. एवढे करूनही कोपरे मंद राहिल्यास तबकांच्या जागा दर दोन दिवसांनी बदलाव्यात.

प्रत्येक बदलानंतर पुन्हा १५ आकडे घ्यावेत. दिव्यांवर धूळ बसते व वयोमानाने त्यांचा उजेडही घटतो. १६ तास चालणारा दिवा वर्षात ५,८४० तास जळतो. म्हणून दर ३ महिन्यांनी दिवे पुसून मोजणी करावी व आकडे वहीत ठेवावेत. ओल्या फळीशी विजेचा संबंध येत असल्याने तारा उघड्या ठेवू नयेत, अर्थिंग जाणकाराकडून तपासून घ्यावे व गळती होताच वीज तोडणारे साधन बसवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एखादे लक्स-मापक जवळ बाळगून, दिवे घेण्याच्या विचारात असलेल्या शेतकऱ्यास प्रथम एका फळीची मोजणी करून दाखवावी. कर्ज काढून दहा फळ्या उभारण्यापूर्वी एका फळीचा हिशेब जमला की नाही हे कळणे, ह्यातच त्या कुटुंबाचे हित आहे.