लॉक लागला, पण सूर चढला: पीएलएलचं रेफरन्स क्लॉक

आजचा विषय ड्रायव्हर लिहिणाऱ्यांचा आहे, पण बाकीच्यांनीही थांबा, कारण गोष्ट तुमच्या इयरफोनमधलीच आहे. बसमध्ये ऐकणाऱ्यांनी आकडे सोडून दिले तरी चालेल, ते वाचायला ही ट्रान्स्क्रिप्ट आहेच.

तर बघा. बोर्डावर एक क्रिस्टल असतो, ठरलेल्या वेगाने टिकटिकणारा. आय डॉट एमएक्स ८एम घराण्यातल्या काही चिपवर तो २४ मेगाहर्ट्झचा. ऑडिओला मात्र वेगळेच आकडे लागतात: ४८ किलोहर्ट्झच्या फाइलसाठी बहुधा २५६ पट, म्हणजे १२.२८८ मेगाहर्ट्झ, आणि सीडीच्या काळापासून चालत आलेल्या ४४.१ साठी ११.२८९६. चोवीसला कुठल्याही पूर्ण संख्येने भागा, यातलं एकही हाताला लागत नाही. म्हणून मध्ये पीएलएल बसवतात. तो रेफरन्सची टिकटिक पटीत वाढवतो आणि आपलं आउटपुट भागून परत रेफरन्सशी ताडत राहतो. लेहऱ्याला धरून तबलजी चौगुन वाजवतो आणि समेवर येतो ना, अगदी तसंच.

लिनक्समधला हिशोब असा: २४ ला २६२ आणि वर ९४३७ छेद ६५५३६ ने गुणा, मग २ ने आणि ८ ने भागा. आले ३९३.२१६. त्याला ३२ ने भागलं की आपलं १२.२८८. ४४.१ च्या कुटुंबासाठी दुसरा पीएलएल ३६१.२६७२ वर ठेवतात आणि गाणं बघून ड्रायव्हर पालक क्लॉक बदलतो. आकडे लिहिण्याचा क्रम महत्त्वाचा: आधी पीएलएल रिसेटमध्ये, बायपास चालू, मग आकडे, मग रिसेट सोडा, लॉकची वाट बघा, आणि शेवटी बायपास काढा. लॉक लागेपर्यंत त्याचा वेग कुठेही भरकटत असतो, तो पुढे जाता कामा नये.

आता खरी मेख. क्रिस्टल कितीचा आहे हे ड्रायव्हर मोजत नाही. डिव्हाइस ट्रीमध्ये लिहिलंय, त्यावर तो विश्वास ठेवतो. समजा कोडेकला दिलेला क्रिस्टल २५ चा आहे आणि ट्रीत लिहिलंय २४. पीएलएल मजेत लॉक होईल, एकही एरर येणार नाही! लेहराच जलद असेल तर तबलजी समेवर येणारच की. लॉक म्हणजे फक्त रेफरन्सशी जुळलं, एवढंच. एक तासाचा एपिसोड मात्र ५७ मिनिटं ३६ सेकंदांत संपेल.

आणि हे असे फरक खरंच असतात. रास्पबेरी पायच्या तिसऱ्या पिढीपर्यंत क्रिस्टल १९.२ चा होता, पाय ४ वर तो ५४ चा झाला. १९.२ कोडमध्ये कोरून ठेवणाऱ्यांचं गणित तिथे पावणेतीन पटीहून जास्त चुकतं. म्हणून माझं ठाम मत: ड्रायव्हरमध्ये आकडा लिहूच नका, क्लॉक फ्रेमवर्कला रेट विचारा.

पण फ्रेमवर्कही ट्रीवरूनच सांगतं. क्लॉक समरीतला रेट हिशोबाने काढलेला असतो, मोजलेला नाही. त्यामुळे स्कोप नसेल तर बोर्डावर ४४० हर्ट्झचा टोन वाजवा आणि फोनमधलं ट्यूनर ॲप जवळ धरा. ४५८ च्या आसपास दाखवलं, तर ड्रायव्हर बंद करा आणि भिंग घेऊन क्रिस्टलवरचा छापील आकडा वाचा.