नावात वारा

वारा डोळ्यांना दिसत नाही, पण नावात सापडतो. लॅटिन ही युरोपातली जुनी भाषा. त्या भाषेत वाऱ्याला 'व्हेंटस' म्हणतात आणि भरपूर वारा असलेलीला 'व्हेंटोसा'. मेक्सिको देशात ला व्हेंटोसा नावाचे गाव आहे. तिकडे वारा इतका, की आता पुष्कळ पवनचक्क्या उभ्या केल्या आहेत.

आपला 'वात' शब्द आणि 'व्हेंटस' एकाच मुळाचे आहेत. खिडकीला संस्कृतात वातायन म्हणतात. भिंतीतल्या झरोक्याला आपण व्हेंटिलेटर म्हणतो, त्यातही तोच वारा!

लॅटिनमध्ये 'व्हेंटिलारे' म्हणजे वारा घालणे, आणि धान्य उपणणे सुद्धा. उपणणे तर आपल्याला माहीतच आहे. बाबा तिव्यावर उभे राहून टोपले हलवतात. दाणा खाली पडतो, कुटार दूर उडते. मोठ्या शेतावर मळणीयंत्र येते, पण आमचे शेत दीड एकरच. मागच्या फाल्गुनात दोन दिवस वारा पडला. हरभरा खळ्यातच राहिला. तिसऱ्या दिवशी पाऊस आला अन् अर्धा माल भिजला. आई म्हणे, "वारा असता तं घरात आला असता."

पण प्रत्येक नावात वारा नसतो बरं का! वर्धा जिल्ह्यातल्या पवनारचे नाव पवन नावाच्या राजावरून पडले असे सांगतात.

आपल्या देशातल्या जंगलात एक वेल असते. तिचे शास्त्रीय नाव व्हेंटिलॅगो. तिच्या फळाला लांब चपटा पंख असतो, त्यावर बी उडत जाते. मुळाच्या सालीपासून लाल रंग निघतो, तरी नाव पडले ते वाऱ्यावरूनच.