इशाऱ्याआधीच बंद पडणारा लॅपटॉप

दिल्लीतल्या मयूर विहारात उन्हाळ्यात पारा 45 अंशांकडे सरकतो. अशा उष्णतेत लिथियम-आयन बॅटरी लवकर थकते. मग वीज गेली की लॅपटॉप 12 टक्के दाखवत असतानाच एकदम बंद पडतो, न साठवलेले काम घेऊन.

दोष बहुधा अंदाजाचा. बॅटरीतली चिप आत-बाहेर जाणारा विद्युतप्रवाह मोजून उरलेला चार्ज ठरवते. सॉफ्टवेअर त्याच आकड्यावर विसंबते. लिनक्सवरचे ‘यूपॉवर’ सहसा 2 टक्क्यांवर लॅपटॉप झोपवते किंवा बंद करते. थकलेल्या सेलचा व्होल्टेज त्याआधीच कोसळला, तर ती वेळ येतच नाही.

नवी बॅटरी घेईपर्यंत यूपॉवरची ही 2 टक्क्यांची मर्यादा 15 टक्क्यांवर न्यावी, असे माझे ठाम मत आहे. मात्र त्याआधी मिळणाऱ्या ‘बॅटरी कमी’ आणि ‘बॅटरी फारच कमी’ या दोन्ही इशाऱ्यांचे आकडे त्याहून वर ठेवावेत, नाहीतर यूपॉवर मूळच्याच मर्यादा धरते.