शेतकऱ्याचा की शेतकऱ्यांचा?

कोल्हापूरच्या रेल्वे स्थानकातून बाहेर पडून गावाकडे चालू लागलेल्या प्रवाशाला जी पेठ आरंभीच भेटते, तिच्या नावातच एक षष्ठी विभक्ती दडून बसली आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. शाहूपुरी म्हणजे शाहूंची पुरी. गादीवर आल्यानंतर अवघ्या वर्षभराने, म्हणजे १८९५ साली, छत्रपती शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी ही पेठ वसविली. गुऱ्हाळांवरून गुळाचे रवे भरून आलेल्या बैलगाड्या, अडत्यांच्या पेढ्या आणि सौद्याच्या वेळची ती गर्दी यांवर या पेठेचा संसार उभा राहिला. समास होताना 'ची' हा प्रत्यय गळाला, त्याच्याबरोबर 'शाहूं'वरचा अनुस्वारही गळाला, आणि तरीही पुरी कोणाची हे नाव उच्चारताक्षणी कळते.

याच पेठेतून जाताना एका सहकारी संस्थेच्या दारावरचा नवा रंगविलेला फलक वाचून मी थबकलो. फलकावर वरच्या ओळीत मराठीत 'शेतकऱ्यांच्या मालकीची संस्था' असे सुवाच्य अक्षरांत लिहिले होते, आणि खालच्या इंग्रजी ओळीत मात्र 'फार्मर' या शब्दानंतर आधी ते वर लोंबणारे चिमुकले चिन्ह, ज्याला इंग्रजीत अपॉस्ट्रॉफी म्हणतात, आणि मग 'स' हे अक्षर काढले होते. रंगाऱ्याच्या हातून चिन्ह एका अक्षराने अलीकडे पडले, एवढाच काय तो प्रमाद. परंतु त्यामुळे मराठी ओळीत जी संस्था हजारो सभासदांची होती, ती इंग्रजी ओळीत एकाच शेतकऱ्याची खाजगी मिळकत होऊन बसली.

इंग्रजीचा हा नियम आपल्याकडे शाळेत शिकवला जातो, पण त्याचे मर्म फारसे सांगितले जात नाही. एकाची मालकी सांगायची असेल तर नाम, मग चिन्ह, मग 'स'. अनेकांची सांगायची असेल तर आधी 'स' लावून अनेकवचन पुरे करायचे आणि चिन्ह त्याच्या पुढे ठेवायचे. आणि ज्या नामांचे अनेकवचन 'स' लावून होत नाही, जसे मेन, विमेन, चिल्ड्रन, तेथे अनेकवचन आधीच सिद्ध झालेले असल्यामुळे पुन्हा चिन्ह अगोदर आणि 'स' नंतर. म्हणून कपड्यांच्या दुकानावरील 'मेन्स'मध्ये चिन्ह 'स'च्या अलीकडे आणि 'लेडीज'मध्ये ते अखेरीस. अडचण अशी की एका शेतकऱ्याचे, अनेक शेतकऱ्यांचे आणि नुसतेच अनेक शेतकरी, या तिन्ही रूपांचा उच्चार इंग्रजीत तंतोतंत एकच आहे. कानाला भेद नाही. भेद आहे तो केवळ डोळ्याला, आणि तोही केसाएवढ्या रेघेच्या जागेवर अवलंबून. प्राचीन इंग्रजीत षष्ठीचा स्वतंत्र प्रत्यय होता. त्यातला स्वर कालांतराने उच्चारातून गेला आणि गेलेल्या अक्षराची खूण म्हणून मुद्रकांनी हे चिन्ह बसविले. एकवचनात ते स्थिरावल्यानंतरही अनेकवचनाच्या मागे ते कोठे ठेवावे याचा निर्णय एकोणिसाव्या शतकापर्यंत रेंगाळत राहिला. ज्यांची ती मातृभाषा त्यांनाच जेथे एवढा काळ लागला, तेथे शाहूपुरीतील रंगाऱ्याला दोष देणे अन्यायाचे होईल.

एकवचन आणि अनेकवचन यांतील हा भेद किती जिव्हाळ्याचा असू शकतो, याचे एक उदाहरण अमेरिकेतील आहे. मातृदिनाचा पुरस्कार करणाऱ्या ॲना जार्व्हिस यांनी 'मदर्स डे' या नावातील चिन्ह 'स'च्या अलीकडेच असले पाहिजे, असा आग्रह धरला होता. जगातील समस्त मातांचा मिळून एक उत्सव त्यांना नको होता. प्रत्येक घराने आपल्या घरच्या एका आईला त्या दिवशी वंदन करावे, एवढाच त्यांचा हेतू होता, आणि १९१४ साली राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी त्या दिवसाची घोषणा केली तीही एकवचनीच. आपल्याकडचा पाच सप्टेंबरचा दिवस नेमका उलट प्रकारचा. तो अनेक शिक्षकांचा दिवस म्हणून तेथे चिन्ह अखेरीस येते. पण शाळाशाळांच्या फळ्यांवर ते अलीकडे लिहिलेले आढळते आणि मग तो दिवस कोण्या एकाच गुरुजींचा ठरतो. मराठीत आपण 'शिक्षक दिन' आणि 'मातृदिन' म्हणून समासाच्या आडोशाला राहतो, त्यामुळे एक की अनेक हा प्रश्नच उपस्थित होत नाही.

समास सोडून विभक्तीकडे वळले की मराठीची श्रीमंती दिसू लागते. 'शेतकऱ्याचा' आणि 'शेतकऱ्यांचा' यांतील भेद एका अनुस्वाराचा. पण तो डोळ्याला दिसतो आणि कानालाही ऐकू येतो. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनविषयक नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले, तेव्हा ज्यांचा उच्चारच होत नव्हता असे असंख्य अनुस्वार कायमचे रजा घेऊन गेले; अनेकवचनी सामान्यरूपावरचा अनुस्वार मात्र राखला गेला, कारण त्याच्यावाचून एकाची वस्तू आणि अनेकांची वस्तू यांची सरमिसळ झाली असती. शिवाय आपली षष्ठी दोन्ही टोकांनी बोलते. 'शेतकऱ्यांच्या गाड्या' म्हटले की गाड्यांचे धनी अनेक हे जसे कळते, तसे गाड्याही अनेक हे त्या 'च्या'वरून कळते. इंग्रजी षष्ठी केवळ धन्याची गणती सांगते आणि वस्तूविषयी स्वतः काही बोलत नाही. एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांच्या प्रयत्नांनी स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह ही सारी मंडळी इंग्रजीतून येऊन मराठीत नांदू लागली, पण मालकीचे ते चिन्ह काही आले नाही. ते काम करणारे आपल्या घरी आधीपासूनच होते.

तरी या अनुस्वाराला एक दुसरेही काम आहे, आणि भाषांतर करणाऱ्यांची गल्लत होते ती तेथे. 'वडिलांचे घर' म्हणताना वडील एकच असतात. अनुस्वार तेथे संख्येचा नसून आदराचा असतो. इंग्रजीत नेताना कोणी तो संख्येचा समजून चिन्ह 'स'च्या पुढे टाकले, तर एका मुलाला अनेक वडील होतात. आणि याच घरात आई मात्र एकवचनी: आईचे घर, आईचा हात. कोल्हापुरात राहणाऱ्याला तर ही गोष्ट रोज अनुभवास येते. महाराजांचा राजवाडा, पण अंबाबाईचे देऊळ आणि जोतिबाचा डोंगर; राजाला बहुवचन आणि देवाला एकवचन. जे परमादरणीय पण दूरचे, त्याला आपण अनुस्वार देतो, आणि जे हृदयाशी अगदी लागून आहे, त्याचा तो काढून घेतो. ॲना जार्व्हिस यांना ज्यासाठी झगडावे लागले, ते आपल्या भाषेने न मागता दिले आहे, असे मला फार वाटते.

अलीकडे बंगल्यांच्या आणि सदनिकांच्या दारांवर इंग्रजी पाट्या लावण्याची रीत पडली आहे. 'द पाटील्स' असे लिहून मधेच कोठेतरी ते चिन्ह टाकलेले असते, बहुधा चुकीच्या जागी. सबंध पाटील कुटुंबाचे घर असे म्हणायचे असेल, तर चिन्ह अखेरीस हवे. आत राहणारी मंडळी म्हणजे केवळ पाटील कुटुंबीय असे सांगायचे असेल, तर चिन्ह मुळीच नको. मराठीत 'पाटलांचा वाडा' म्हणून आपण मोकळे होतो, आणि त्यातील अनुस्वार एका पाटलांच्या आदराचा की अवघ्या कुटुंबाच्या गणतीचा, हे विचारण्याची गरज कोणाला भासत नाही.

जेथे गरज भासते ते क्षेत्र मालकी हक्काचे. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर सामाईक आणि स्वतंत्र हा भेद किती भाऊबंदांच्या आयुष्यावर उठला आहे, हे तलाठ्याच्या दफ्तरात बसलेल्या कोणीही सांगावे. इंग्रजी हा भेद असा दाखविते की दोघांचे एकच दुकान असेल, तर शेवटच्या नावाला एकच चिन्ह, आणि दोघांची दोन असतील, तर प्रत्येक नावाला वेगळे. आपण पहिल्या ठिकाणी 'पाटील व कुलकर्णी यांचे दुकान' म्हणतो आणि दुसऱ्या ठिकाणी 'पाटलांचे व कुलकर्ण्यांचे'. तो 'यांचे' म्हणजे जणू भागीदारीचा दस्तऐवजच.

म्हणूनच सहकारी संस्थांच्या नावांकडे मी अधिक जपून पाहतो. आणंदची अमूल ज्या संस्थेतून उभी राहिली, तिची नोंदणी १४ डिसेंबर १९४६ रोजी झाली, आणि तिच्या इंग्रजी नावातील 'प्रोड्यूसर्स' या शब्दापुढे ते चिन्ह अनेकवचनाच्या जागी आहे. दूध घालणारे अनेक, आणि संघ त्या अनेकांचा, हे नाव वाचताच कळते. कोल्हापुरात १९३९ साली शेतकरी सहकारी संघ निघाला, १९६३ साली पुढे 'गोकुळ' म्हणून प्रसिद्धीस आलेला दूध उत्पादक संघ निघाला. या नावांत समासामुळे अनुस्वार दिसत नाही, पण तो प्रत्येक सभासदाच्या तोंडी असतो. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१९ साली कोल्हापुरी चपलेला. हा हक्कही असा की एकट्या व्यापाऱ्याला तो आपल्या पेढीचा म्हणता येत नाही. तो त्या मुलखातील उत्पादकांचा, अनुस्वारासह.

जोर देऊन मालकी सांगायची असली की इंग्रज 'ओन' हा शब्द जोडतो. आपल्याकडे त्यासाठी 'च' आहे: शेतकऱ्यांचाच संघ. आणि त्याहून सूक्ष्म असे दोन शब्द आहेत, ज्यांना इंग्रजीत मिळून एकच प्रतिशब्द आहे. वार्षिक सभेत व्यासपीठावरचा वक्ता जेव्हा 'आमचा संघ' म्हणतो, तेव्हा समोर बसलेला शेतकरी त्यातून वगळला जातो. 'आपला संघ' म्हणतो, तेव्हा तो त्यात येतो. सतरंजीवर मागे बसलेली मंडळी हे शब्द फार नीट ऐकत असतात, आणि 'आमचा' असा उच्चार झाला की एखादा म्हातारा तेथूनच उठून विचारतो, 'कोणाचा म्हणालात?'