जुन्या जिप्सीचा सायलेन्सर बदलताय? आधी हा हिशोब करा



समजा, 1 ऑक्टोबरची पहाट आहे. तीन महिन्यांच्या बंदनंतर ताडोब्याचा कोअर उघडतोय. तुमची जिप्सी मोहर्ली गेटवर रांगेत उभी आहे, मागे सहा पर्यटक बसलेत. आणि पहिल्याच खड्ड्यात खालून "खडड्" असा आवाज येतो. सायलेन्सर सडून फाटला. आता गाडी ट्रॅक्टरसारखी वाजते. गाइड तुमच्याकडे बघतो, पर्यटक एकमेकांकडे बघतात. दुपारची फेरी तर गेलीच, आणि कर्जाचा हप्ता तसाच उभा आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात जुनी गाडी घेऊन धंदा सुरू करणारे खूप जण आहेत. जिप्सी तर 2019 पासून सामान्य ग्राहकाला नवीन मिळतच नाही. म्हणजे तुम्ही घ्याल ती जुनीच असणार. म्हणून आज एकाच पार्टबद्दल बोलू. पण पद्धत शिकून घ्या, ती प्रत्येक पार्टला लागू पडते.

शांतता हाच तुमचा माल आहे

पर्यटक पैसे कशाचे देतो? वाघ दिसण्याच्या आशेचे. आणि वाघ आधी कानाने सापडतो. चितळाचा कॉल, वानराचा कॉल ऐकून गाइड ठरवतो कुठे थांबायचं. तुमची गाडी वाजत असेल, तर हा कॉल ऐकूच येणार नाही. त्यामुळे "थोडा आवाज आहे, चालतंय" हे शहरात एखाद वेळी खपेल. जंगलात नाही.

कायदाही तुमच्या बाजूने नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या नियम 120 प्रमाणे प्रत्येक गाडीला सायलेन्सर हवाच. आवाज आणि प्रदूषणाचे निकष मोडले, तर 2019 च्या दुरुस्तीनंतर दंड 10,000 रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

जंगलातली गाडी लवकर का सडते?

हे नीट समजून घ्या, कारण निवड यावरच अवलंबून आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. ते वाफ होऊन धुरासोबत बाहेर पडतं. हायवेवर सायलेन्सर चांगला तापतो, वाफ निघून जाते. सफारीत मात्र गाडी हळू चालते, मधे मधे इंजिन बंद करावं लागतं, सकाळी गारवा असतो. वाफेचं पाणी डब्यातच साचतं. ते थोडं आम्लधर्मी असतं, म्हणून पत्रा आतून खातं. वरून डबा ठीक दिसतो आणि एक दिवस अचानक फाटतो.

मग पावसाळ्यात गाडी तीन महिने उभी. काही जण "बॅटरी उतरू नये" म्हणून रोज दोन मिनिटं इंजिन चालवून बंद करतात. त्याने डब्यात रोज नवीन पाणी भरतं! चालवायचीच असेल तर आठवड्यातून एकदा अर्धा तास रस्त्यावर नीट पळवा.

विकत घेण्याआधी खात्री करा

आवाज आला म्हणजे डबाच गेला असं नाही. गाडी मोकळ्या जागेत, थंड असताना उभी करा. एकाला इंजिन चालू करायला सांगा, दुसऱ्याने जाड ओल्या कापडाने मागच्या पाइपचं तोंड काही सेकंद दाबून धरायचं. फुसफुस कुठून येते ते ऐका. जोडावरची गॅस्केट गेली असेल किंवा रबर माउंटिंग तुटून पाइप चेसीला लागत असेल, तर काम थोडक्यात होतं. डब्याला खाली एक बारीक छिद्र असतं, ते कंपनीनेच पाणी निघायला ठेवलेलं असतं. मिस्त्रीला ते वेल्डिंगने बुजवू देऊ नका.

डबा निवडताना चार गोष्टी

1. पत्रा. साधं लोखंड सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी सडणारं. ॲल्युमिनियमचा थर दिलेला पत्रा त्याहून टिकतो. स्टेनलेस स्टील सगळ्यात जास्त. दुकानात लोहचुंबक घेऊन जा. 304 ग्रेडच्या स्टेनलेसला चुंबक जवळपास चिकटत नाही. पण 409 ग्रेडला चिकटतो, आणि तोही सायलेन्सरसाठी चांगला वापरला जाणारा ग्रेड आहे. म्हणून चुंबक चिकटला की लगेच "खोटा माल" म्हणू नका. ग्रेड विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

2. आतली रचना. एका प्रकारात आत कप्पे असतात, धूर वळणं घेत जातो आणि आवाज मरतो. दुसऱ्यात जाळीचा सरळ पाइप आणि भोवती काचेची लोकर असते. ही लोकर हळूहळू जळून उडते आणि गाडी वाजायला लागते. "स्पोर्टी आवाज" म्हणून विकतात तो बहुतेक हाच. सफारीसाठी कप्प्यांचाच घ्या.

3. माप. जुना डबा सोबत न्या. पाइपचा व्यास, डब्याची लांबी, आत-बाहेरच्या पाइपची जागा, हुकची जागा, सगळं जुळलं पाहिजे. पाइप बारीक झाला तर इंजिन गुदमरतं. जाड झाला तर आवाज वाढू शकतो. डबा खाली लोंबला तर दगडाला लागणारच.

4. उष्णता. उन्हाळ्यात जंगलात सागाचा पाला वाळून पडलेला असतो. तापलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर पाला अडकला तर आग लागू शकते. त्यावरचा संरक्षक पत्रा परत बसवूनच गॅरेज सोडा.

आणि एक सावधगिरी. "कन्व्हर्टर काढून टाका, पिकअप वाढेल" असा सल्ला मिळेल. तो ऐकू नका. पीयूसीत अडकाल. शिवाय कन्व्हर्टरच्या आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमसारखे महाग धातू असतात. काढणाऱ्याला फायदा, तुम्हाला भंगार. खराब झाला म्हणून बदलला, तरी जुना मागून घ्या.

आता मुख्य हिशोब

हे आकडे फक्त समजण्यासाठी धरलेत, तुम्ही तुमच्या दुकानाचे घाला.

समजा साधा डबा 3,000 रुपये, एक हंगाम टिकतो. स्टेनलेसचा 8,000 रुपये, चार हंगाम टिकतो. बसवायची मजुरी दोन्हीला 700.

चार हंगामांचा खर्च: साधा 3,700 × 4 = 14,800. स्टेनलेस 8,700.

साधा डबा दर हंगामात मधेच फाटला आणि दोन फेऱ्या गेल्या, फेरीमागे हातात 1,500 राहतात असं धरा, तर आणखी 12,000. एकूण 26,800.

म्हणजे "स्वस्त" डबा तिप्पट महाग पडला.

पण थांबा, उलटी बाजूही बघा. तुमची गाडी गेटच्या नोंदणीतून एका वर्षात बाहेर पडणार असेल, किंवा विकायचा विचार असेल, तर 8,700 घालणं चूक. तिथे साधा डबाच बरोबर. नुसता डबा आणि मजुरी धरली, तर या आकड्यांत स्टेनलेस तिसऱ्या हंगामापासून परवडतो. म्हणून दुकानदाराला "कितीला?" विचारण्याआधी स्वतःला विचारा: या गाडीचे किती हंगाम उरलेत? नोंदणीचे वयाचे नियम, फिटनेसची तारीख, कर्जाचे उरलेले हप्ते, तिन्ही एका कागदावर मांडा. उत्तर समोर येईल.

कधी करायचं?

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सगळेच गॅरेजला धावतात. पार्ट अनेकदा नागपूरहून मागवावा लागतो. भामरागड, एटापल्लीकडे गाडी चालवत असाल तर अजून वेळ धरा. म्हणून जुलैमध्ये गाडी रॅम्पवर घ्या, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने डबा ठोका. टणक आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला किंवा आतून पत्र्याचे तुकडे खुळखुळले तर ऑर्डर द्या. दोन रबर माउंटिंग आणि एक गॅस्केट मात्र वर्षभर गाडीतच ठेवा.

धंद्यात खर्च टाळता येत नाही मित्रांनो. पण तो जुलैमध्ये स्वतः करायचा की ऑक्टोबरमध्ये गेटवर सहा पर्यटकांसमोर व्हायचा, हे आपल्या हातात असतं.

तुमच्या गाडीचा हिशोब आजच वहीत मांडा. भेटू पुढच्या भागात!