मुरघास विकायचाय? आधी त्यातलं पाणी मोजा

"पशुखाद्याचं दुकान टाकतोय, सोबत मुरघास ठेवू का?" हा प्रश्न ट्रेनिंगमध्ये सारखा येतो. ठेवा की! उन्हाळ्यात हिरवा चारा संपला की मागणी असतेच. पण खरेदी करताना बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात, "किलोचा रेट काय?" आणि धंदा तिथेच फसतो. व्हिडिओत हे भरभर सांगितलं होतं, इथे नीट हिशोबासकट बघू.

मुरघास म्हणजे पाणी आणि चारा यांचं मिश्रण. जनावराच्या पोषणाचा हिशोब पाणी सोडून उरलेल्या भागावर होतो. त्याला शुष्क पदार्थ किंवा सरळ ड्राय मॅटर म्हणतात. मक्याच्या चांगल्या मुरघासात तो ३० ते ३५ टक्के असतो. मका कोवळाच कापला तर २४-२५ टक्क्यांवर येतो. पिशवी तेवढीच जड लागते, आत पाणी जास्त.

आता समजा दोन सप्लायर आहेत. एक ७ रुपये किलो सांगतो, माल ३५ टक्क्यांचा. दुसरा ६ रुपये सांगतो, माल २४ टक्क्यांचा. स्वस्त कोण? ७ भागिले ०.३५ म्हणजे कोरड्या चाऱ्याचा किलो २० रुपयांना पडला. ६ भागिले ०.२४ म्हणजे २५ रुपयांना. टनामागे हजार रुपये वाचवले असं वाटतं, पण चारा ११० किलो कमी मिळाला. वर गाडीभाडं वेगळं! १० टनांच्या गाडीत पहिल्याचं साडेसहा टन पाणी येतं, दुसऱ्याचं ७.६ टन. त्या जास्तीच्या पाण्याचं भाडंही तुमच्याच खिशातून जातं.

खरा फटका पुढे गोठ्यात बसतो. ४०० किलोच्या दुभत्या गाईला वजनाच्या साधारण ३ टक्के, म्हणजे दिवसाला १२ किलो कोरडा आहार लागतो. त्यातला निम्मा मुरघासातून द्यायचा तर ३५ टक्क्यांचा माल १७ किलो पुरतो. शेतकऱ्याला त्या १७ किलोची सवय असते. तुम्ही २४ टक्क्यांचा माल दिलात आणि त्याने तेवढाच टाकला, तर गाईच्या पोटात ६ च्या जागी ४ किलोच गेले. दूध उतरतं, आणि तो म्हणतो, "त्या दुकानातला मुरघास बेकार." चूक म्हणता येणार नाही त्याला.

मोजायला लॅब लागत नाही. १०० ग्रॅम मुरघास वजनकाट्यावर घ्या, तव्यावर अगदी मंद आचेवर हलवत वाळवा, करपू देऊ नका. अधूनमधून वजन करा. वजन कमी व्हायचं थांबलं की जितके ग्रॅम उरले तितके टक्के ड्राय मॅटर. एखाद-दोन टक्के इकडेतिकडे होतात, सौदा करायला एवढं पुरे. सप्लायरकडे उभे असाल तर मूठभर घेऊन घट्ट दाबा. पाणी गळलं तर माल ओला. गोळा झाला आणि हात उघडल्यावर हळूहळू सुटला तर ठीक. लगेच विस्कटला तर फार कोरडा, आणि कोरडा माल नीट दाबला जात नाही, आत हवा राहते.

हवेला एवढं का घाबरायचं? कारण मुरघास टिकतो तो आम्लामुळे. बारीक कुट्टी दाबून हवाबंद केली की लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू पिकातली साखर खातात आणि पीएच ४ च्या आसपास येतो. तिथे कुजवणारे जिवाणू थंडावतात. फिनलंडच्या आर्तुरी विर्तानेन यांनी हेच ओळखलं. तिथला हिवाळा लांबलचक, जनावरं गोठ्यात बांधून. त्यांनी चाऱ्यात सौम्य आम्ल मिसळून पीएच ४ च्या खाली आणायची पद्धत काढली आणि १९४५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. हो, चारा टिकवण्याच्या संशोधनासाठी नोबेल! आपल्याकडे मक्यात साखर भरपूर, त्यामुळे वरून आम्ल घालावं लागत नाही. मात्र पीक फार ओलं असलं की ब्युटिरिक आम्ल करणारे जिवाणू माजतात. पिशवी उघडताच कुबट, सडका वास येतो तो त्याचाच. चांगल्या मालाला आंबूस वास आणि पिवळसर-हिरवा रंग असतो.

त्यामुळे सप्लायरला रेटच्या आधी विचारा, मका कोणत्या अवस्थेत कापला? दाणा दुधाळ अवस्था ओलांडून चिकात आलेला हवा. बंद करून किमान ४५ दिवस झालेत का? पिशवीला भोक पडलंय का? उंदराने कुरतडलेली एक पिशवीसुद्धा परत करा.

बुरशीच्या बाबतीत मी अजिबात तडजोड करत नाही. काही बुरशींमधून अफ्लाटॉक्सिन तयार होतं, ते गाईच्या पोटातून एम१ या रूपात दुधात उतरतं आणि दूध उकळूनही जात नाही. दुधात त्याची कायदेशीर मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम आहे. बुरशी आलेली पिशवी सवलतीत विकायची नसते, फेकायची असते. हा तोटा किमतीत आधीच धरा.

आणि "मुरघास दिला की बाकी काही नको" असं गिऱ्हाइकाला कधी सांगू नका. मक्याच्या मुरघासात कोरड्या वजनावर प्रथिनं जेमतेम ८ टक्के, दुभत्या गाईच्या एकूण आहारात ती १४ ते १६ टक्के लागतात. ती भरून काढायला सरकी पेंड किंवा सोयाबीन पेंड आणि सोबत खनिज मिश्रण लागतंच. हे दोन्ही तुमच्याच दुकानात असेल, तर गिऱ्हाईक दुसरीकडे कशाला जाईल?

पिशवीचं माप ठरवतानाही गोठा बघा. दोन गाई असणाऱ्याला टनाची बॅग देऊ नका. एकदा उघडली की हवा लागते, माल गरम व्हायला लागतो. त्याला ५० किलोची पिशवीच बरी, दीड दिवसात संपते.